आगोटीच्या तोंडावर

राजापूर, लांजा, संगमेश्वर या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या घरी मे महिन्याच्या उतरणीला गेलात, तर अंगणात पाय ठेवायला जागा सापडायची नाही. खाटेवर फणसाची साठं, जुन्या लुगड्यावर आमसुलं, सुपांत आंबोशी, गडग्यालगत फोडून टाकलेली लाकडं, आणि या सगळ्यांतून न्हाणीपर्यंत जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. पडवीच्या सावलीत कोणीतरी म्हातारं माणूस काठी घेऊन कावळ्यांवर डोळा ठेवून बसलेलं. धावपळ कोणाची दिसत नाही, पण रिकामंही कोणी नसतं. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. त्यानंतरच्या चार महिन्यांत इथे ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि अंथरुणापासून मिठाच्या बरणीपर्यंत घरातली प्रत्येक वस्तू ओल धरते. आगोटीची कामं म्हणजे त्या ओलीचा आधीच केलेला बंदोबस्त.

म्हणून या दिवसांत घरात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो: वाळलं का? उत्तर बोटांना विचारायचं असतं. उडदाचा पापड कडक उन्हात विसरला, तर कडा वळतात आणि मधोमध तडा जातो. तो सावलीत सुकवायचा, वाकतोय तोवरच उचलून एकावर एक रचून दाबून ठेवायचा, आणि मग कधीतरी नुसतं ऊन दाखवायचं. आमसुलांना मात्र ऊन कितीही पुरत नाही. रातांबे फोडून सालं वेगळी करायची, आतल्या रसात मीठ घालून आगळ करून ठेवायचं. दिवसभर वाळलेली सालं त्यात बुडवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. अशी पाच-सहा पुटं बसली की लालभडक साल काळसर, मऊ आणि चिवट होतं, आणि मग ते वर्षभर टिकतं. बियाही टाकून देत नाहीत. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळून मुठेल काढतात. लावणीच्या चिखलात फुटणाऱ्या टाचांना त्याच्यासारखं औषध नाही, हे मी कोणाशीही भांडून सांगेन.

सगळ्यात जास्त जीव लावून करायचं आणि सगळ्यात जास्त बिघडणारं काम म्हणजे साठं. बरक्या फणसाचे गरे चाळणीवर घासून रस काढायचा, ताटाला तुपाचा हात फिरवायचा आणि पातळ थर ओतायचा. तो नीट सुकला की वर दुसरा, मग तिसरा. चूक होते ती इथेच. वरून कोरडा दिसणारा थर आत अजून ओला असतो. त्याच्यावर पुढचा ओतला की आतली ओल कोंडते, आणि आषाढात डबा उघडल्यावर आंबूस वास येतो. तुपाचा हात कुठे कमी पडला असेल तर तेवढं साठ ताटाला असं धरतं की उलथन्याने खरवडून काढावं लागतं. मधेच वावटळ उठून अंगणातली माती त्यावर बसते. कधी रात्री मुंग्या लागतात, मांजर ताटावरून चालत जातं. घरातल्या जाणत्या बाईला या प्रत्येक अपघाताचं मूळ ठाऊक असतं. साठाचा तुकडा उजेडाकडे धरून ती सांगते, हा थर कोणत्या दिवशीचा, त्या दिवशी दुपारी मळभ आलं होतं. कुठल्या वहीत न लिहिलेली हवेची नोंद त्या पिवळ्या थरांत राहिलेली असते.

बायकांचा डोळा अंगणावर, तर पुरुषांचा छपरावर. पूर्वी इथल्या घरांवर कुंभाराने घडवलेले नळे असत. ते दर वर्षी परतावे लागत. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती चपटी मंगलोरी कौलं किनाऱ्याच्या गावागावांत पोचली. शाकारणी काही सुटली नाही. माकडांची टोळी एकदा छपरावरून गेली की दहा-वीस कौलं सरकतात, चार फुटतात. वर चढलेल्या माणसाने पाय रिपेवर येईल असा बेताने टाकायचा. कौलाच्या पोटावर पडला तर दुरुस्त करायला गेलेला माणूस आणखी एक फोडून येतो. गळकी जागा शोधायची ती भर दुपारी, घरात उभं राहून. जिथून कवडसा जमिनीवर पडतो, तिथून जुलैत धार लागणार. खाली उभी असलेली सून काठीने कौलाला आतून टोचते, ‘मामंजी, हितं, अजून जरा उजवीकडे’, आणि वरचा हात आवाजाच्या रोखाने सरकतो. कौल बसलं की कवडसा विझतो. त्या दोघांत एरवी दिवसभरात चार वाक्यंसुद्धा होत नसतील.

मृगाचा हा सगळा हिशोब २०२५ साली मोडला. मेच्या मध्यापासूनच अंगणात पाऊस उभा राहिला, २५ मेला मोसमी वारे कोकणात आले आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईत, जिथे त्यांची नेहमीची तारीख ११ जून. अर्धी पुटं बसलेली आमसुलं घरोघरी परातीत भरून आत आली. कुणी ती चुलीवरच्या माळ्यावर पसरली, कुणी पंख्याखाली. धुराने वाळलेल्या आमसुलांना धुराचाच वास राहिला. लाकडं भिजली, झाडावरचे फणस पाणचट झाले, त्यांचा रस ताटात कितीही ठेवला तरी धरेना. त्याच्या चार वर्षं आधी मेच्या मध्याला तौक्ते वादळाने छपरंच उडवली होती. या वेळी छपरं जागेवर होती, पण ऊन नव्हतं. असं वर्ष आलं की म्हातारी माणसं गप्प होतात. पावसाची त्यांना भीती नाही. आपल्या बोटांना कळणारी हवा आता कळेनाशी झाली, हे त्यांना लागतं, आणि तो घाव खरा आहे.

सगळं विकत मिळतं, मग हा खटाटोप कशाला, असं आता कोणीही विचारतं. मिळतं खरंच, आठवडा बाजारात आमसुलांपासून फणसपोळीपर्यंत सगळं पिशवीबंद असतं, आणि ते करणाऱ्या बायकांच्या घरांना त्याचा आधारही आहे. पण घरच्या बेगमीत मोजदाद असते ती माणसांची. गणपतीला कोण कोण येणार, कोणाची सून पहिलटकरीण, कोणाला आगळ लागतं आणि कोणाला नुसती आमसुलं, हे सारं मे महिन्यातच धरलेलं असतं. घरात दोनच म्हातारी माणसं राहत असली, तरी उडदाचं पीठ भिजतं दहा माणसांचं. सरळ कडेचं, एकसारखं पिवळं साठ आणि अखंड पापड एसटीने मुंबईला जातात. तुटलेलं, खरवडलेलं, धुरकटलेलं घरात राहतं आणि पेजेबरोबर संपतं. त्याची कोणी तक्रार करत नाही. वाटणीच तशी ठरलेली आहे. आणि मुंबईच्या नातवाला तिखट सोसत नाही म्हणून त्याच्यापुरते पापड बिनमिरीचे लाटलेले असतात. त्यांचा डबा वेगळा, झाकणाला दोरा बांधलेला.