यवतेश्वरच्या पलीकडच्या वाटा

९ जून

पहाटे समर्थ मंदिरावरून यवतेश्वर घाटाला लागले. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आणि कासचं पठार १,२०० मीटरच्या आसपास. म्हणजे आमच्याकडे पळायचं तर आधी चढायचं. घाटात घड्याळाकडे बघत नाही, श्वासाकडे लक्ष ठेवते. पावलं आखूड, अंग किंचित पुढे, नजर पाच-दहा पावलांवर. चढाला लांब टांगा टाकल्या की पोटऱ्या भरून येतात आणि वरच्या सपाटीवर पाय उचलत नाहीत. उतरताना उलटी काळजी: टाच आपटत उतरलं तर सगळा भार गुडघ्यांवर येतो, म्हणून गुडघे जरा वाकवून, पावलं भरभर टाकत यायचं.

२०१२ पासून साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातून वर जाते आणि याच घाटातून खाली येते. तिच्यामुळे शहरातली कितीतरी घरं पहाटे उठायला लागली. मला मात्र ओढ आहे ती डांबर संपल्यावरच्या वाटांची.

२८ जून

पाऊस लागला. रस्ता सोडून पठाराच्या कडेची पायवाट धरली. इथला दगड जांभा: तांबडा, छिद्राछिद्रांचा, उन्हाळ्यात तळपायाला पकड देणारा. पाऊस पडून शेवाळ धरलं की मात्र त्यावर पाय ठरत नाही. दगडाच्या माथ्यावर पाय द्यायचाच नाही, दोन दगडांमधल्या मुरमावर द्यायचा. पुढे चाललेल्या म्हशीही नेमक्या तिथेच पाय टाकत होत्या.

त्यांच्यामागून घोंगडीची खोळ घेतलेले एक आजोबा येत होते. मी थांबून म्हशींना वाट दिली. जवळ आल्यावर म्हणाले, "ताई, मळल्या वाटंनं जावा. गवतात पाय नका घालू, फुरसं बसल्यालं असतंय." फुरसं जेमतेम हातभर लांबीचं आणि मातीच्याच रंगाचं. उघड्या तांबड्या वाटेवर ते दिसू शकतं, गवतात नाही. मळलेल्या वाटेमागे इतकं साधं शहाणपण असतं.

१९ जुलै

आज धुक्यात जुन्या राजमार्गाने कुमुदिनी तळ्याच्या दिशेने. चार हात पुढचं दिसत नव्हतं, तरी वाट चुकले नाही. डोंगरातल्या जुन्या वाटा चढाला सरळ भिडत नाहीत. सोंडेच्या कुशीतून वळसा घेत, जमिनीचा कल सांभाळत जातात. डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाचा दम जिथे टिकतो, तिथूनच वाट पडते. म्हणूनच ती पळणाऱ्यालाही मानवते.

१५ ऑगस्ट

२०१६ साली याच तारखेला माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत धावली आणि दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी ही पहिली भारतीय महिला. माण म्हणजे आमच्याच जिल्ह्याची दुष्काळी बाजू. इकडे कासला धो धो, तिकडे टँकर.

आज गावात झेंडावंदनानंतर शाळेच्या पोरी मला विचारत होत्या, कोणते बूट घ्यायचे? मी त्यांना आधी वाट दाखवली: शाळेपासून टेकडीच्या देवळापर्यंत, मातीची, मधे एक ओढा. एवढी वाट राखली तरी या पोरींना रोज पळायला जागा राहील.

१९ सप्टेंबर

पठार फुललं आहे. पश्चिम घाटाच्या ज्या ३९ ठिकाणांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कास आहे. आज पळले नाही. रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून सीतेची आसवं बघत राहिले. निळसर-जांभळं, नखाएवढं फूल. त्याचं खरं काम चालतं खाली, ओल्या मातीत. तिथे बारीक पिशव्या असतात; पाण्यातला सूक्ष्म जीव तोंडाशी आला की पिशवी त्याला क्षणात आत ओढून घेते. जांभ्यावरचा मातीचा थर पातळ आणि निकस, म्हणून या झाडाला अन्न असं मिळवावं लागतं. त्या थरावर एक बूट पडला की पिशव्या, मुळं, बी, सगळं चिरडतं. फोटोसाठी आत शिरणाऱ्यांना आज दोनदा हाक मारून बाहेर बोलावलं. हे दोन महिने पळणाऱ्यांनी डांबरी रस्ताच धरावा.

१२ डिसेंबर

कासवरून बामणोलीच्या बाजूला उतरले. झाडीत उजेड कमी होता. वळणावर गवा उभा होता, एकटा. मी जागीच थांबले, मग पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकले. तो रानात शिरला आणि फांद्या मोडल्याचा आवाज थांबला, तेव्हाच पुढे गेले. गव्यासमोरून पळायचं नसतं; म्हणूनच झाडीच्या वाटेवर मी कानात कधीच काही घालत नाही.

खाली शिवसागर काठोकाठ. कोयना धरणाच्या या पाण्याखाली गावं गेली, माणसं दूर वसवली गेली. जलाशय आटला की उन्हाळ्यात जुन्या वस्त्यांच्या खुणा उघड्या पडतात. माणसं उठली की वाटाही जातात. वर ज्या उरल्या आहेत, त्या अजून कुणी दूध घेऊन, कुणी मोळी घेऊन रोज चालतं म्हणून.

३ मार्च

यवतेश्वरच्या उतारावर वणवा. कोणीतरी गवताला काडी लावली. जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, हा समज अजून जात नाही. या उतारांवर राख पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते आणि तिच्याबरोबर उघडी पडलेली मातीही. पक्ष्यांची घरटी, सरडे, कारवीची रोपं, सगळं गेलं. संध्याकाळी आम्ही काहीजण ओल्या फांद्या घेऊन वाटेशी उभे राहिलो. मळलेल्या वाटेवर गवत नव्हतं, म्हणून तिथवर आलेली आग पुढे सरकली नाही.

डोंगरात पळायला येणाऱ्यांना माझी विनंती आहे. खुशाल या, पण वाट रुंद करू नका. ती डांबरी व्हावी, गाडी वरपर्यंत जावी, अशी मागणी करू नका. समोरून गुरं आली, मोळीवाली मावशी आली तर थांबा. तुम्ही मोकळे आहात, त्यांच्या डोक्यावर ओझं आहे. उन्हाळ्यात धूर दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. आणि तुमच्या गावची पाणंद, टेकडीची वाट अजून मातीची असेल, तर उद्या सकाळी तिच्यावरून पळून या.