शिवशिवणारे दात

आम्हा पवनानगरच्या मुसलमान घरांत इफ्तारचं थंड सरबत तोंडात जाताच अम्मी, खाला गाल धरतात. दात शिवशिवले की त्यांचा उपाय एकच : मशेरी. कळ तेवढ्यापुरती बधिरते. पण तंबाखू घासून हिरड्या मागे सरतात, मुळं उघडी पडतात आणि त्यांतल्या सूक्ष्म नळ्यांतून थंडी थेट नसेला झोंबते. वर तोंडाच्या कर्करोगाचं भय. आम्ही घरात सांगतो, सुन्नत मिसवाकची आहे; तीही हलक्या हातानं करा. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट सहरी आटोपताना आणि रात्री मऊ ब्रशनं लावा. गुण यायला काही आठवडे लागतात. तरीही कळ राहिली, तर दातांच्या डॉक्टरांकडे चला. रोज्यात दिवसभर मशेरीवाचून राहता ना, अम्मी? मग ईदनंतर का नाही?