जागल

मागच्या डिसेंबरात माझ्या भाच्याचा पुण्याहून फोन आला. "मामा, वावरातला कोठा रिकामाच आहे ना?"

बैलजोडी विकून पाच वर्षं झाली. रिकामाच होता. एका कोपऱ्यात तुराट्या रचलेल्या, एका कोपऱ्यात जुना डवरा, आणि वर मांजरीचा संसार.

"आम्ही तिघं येतो. आठ दिवस. रेसिडेन्सी करायची आहे."

मला वाटलं डॉक्टरकीचं काही असेल. पण पोरगा तर कॉम्प्युटरवाला. मग त्याने समजावून सांगितलं. तिघंही भयकथा लिहितात. परदेशात अशा लेखकांना म्हणे महिनाभर एखाद्या जुन्या वाड्यात ठेवतात, जेवायला घालतात, आणि बस लिहीत म्हणतात. आपल्याकडे कोण ठेवणार? म्हणून मामाचा कोठा.

"पुण्यात भीतीच वाटत नाही मामा."

"घरभाडं भरताना वाटत असंल की," मी म्हटलं. तो हसला, आणि येतो म्हणाला.

फोन ठेवला आणि मी जरा वेळ ओट्यावर बसून राहिलो. कारण एका काळी हा धंदा मीही केलेला. गावात आता कुणाला आठवत नाही. एका बाईला सोडून.

ह्या रेसिडेन्सीची मूळ गोष्ट मला ठाऊक होती. १८१५ च्या एप्रिलमध्ये तिकडे इंडोनेशियात तांबोरा नावाचा डोंगर फुटला. त्याची राख वर आभाळात पसरली, आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. जून महिन्यात थंडी, सारखा पाऊस. त्या पावसात जिनिव्हाच्या तळ्याकाठी एका बंगल्यात कवी बायरन, कवी शेली, अठरा वर्षांची मेरी आणि बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी अडकून पडले. बाहेर जाता येईना, तेव्हा बायरन म्हणाला, प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. मेरीच्या गोष्टीची 'फ्रँकेन्स्टाइन' झाली, १८१८ साली छापली गेली. पॉलिडोरीने रक्त पिणारा सरदार लिहिला, तो १८१९ मध्ये आला. हे सगळे सांगतात. त्याच पावसाने बाहेर पिकं सडली होती, लोकांची भाकरी महागली होती, धान्यासाठी दंगे झाले होते, हे मात्र भयकथेच्या इतिहासात एका ओळीत उरकतात. आम्हा वऱ्हाडातल्या माणसाची नजर आधी त्या एका ओळीवर जाते. नापिकीचं वर्ष होतं ते.

मी धारप वाचले यवतमाळला होस्टेलवर असताना. नारायण धारपांचं पुस्तक लायब्ररीत कधी जागेवर सापडायचं नाही, नंबर लावावा लागायचा. त्यांचा समर्थ, त्यांची 'लुचाई'. मग रत्नाकर मतकरी. मतकरींच्या कथेत भूत नेहमीच्या घरातून, नेहमीच्या माणसातून निघतं, आणि ते जास्त अंगावर येतं. ही पुस्तकं मी सुट्टीत गावी आणायचो आणि जागलीवर कंदिलाच्या उजेडात वाचायचो. असा मूर्खपणा त्या वयातच सुचतो.

जागल म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगतो. रात्री वावरात जाऊन पीक राखायचं. आमच्याकडे रोही आणि रानडुकरं. रोह्याचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचा पट्टा साफ करतो. डुकरं खातात त्यापेक्षा तुडवतात जास्त. म्हणून मचाण बांधायचं, खाली आगटी पेटवायची, दर अर्ध्या तासाने पत्र्याचा डबा बडवायचा आणि हाळी द्यायची. एका वावरातून हाळी गेली की दुसऱ्या वावरातून उत्तर यायचं. उत्तर आलं नाही की समजायचं, भाऊ झोपला. आता सोलरची झटका मशीन आली, तार ओढली की झालं म्हणतात. तरी माणूस जातोच.

डब्याच्या दोन आवाजांमध्ये जो वेळ असतो त्यात गोष्टी निघतात. आमचा सालदार चकव्याच्या गोष्टी सांगायचा. चकवा लागला की माणूस रात्रभर आपल्याच वावराला फेऱ्या मारतो, धुरा सापडत नाही. तो सांगायचा आणि मध्येच थांबून बिडी पेटवायचा. ती बिडी पेटेपर्यंत माझा जीव वर. पुढे वाचलं की 'तुंबाड' काढणाऱ्या राही बर्वे यांनी धारपांची गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती १९९३ साली, नागझिऱ्याच्या जंगलात, एका मित्राच्या तोंडून. मला नवल वाटलं नाही. अशा गोष्टी आमच्या विदर्भातल्या अंधारात ऐकाव्या.

मी पाच-सहा गोष्टी लिहिल्या. त्यातली एक गाजली. तिचंच सांगायचं आहे.

२००५ च्या डिसेंबरात आमच्या वावराला लागून असलेल्या शेजाऱ्याने वावरातच जीव दिला. तीन एकर, तेही बापाच्या नावावर. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. त्या वर्षी जिल्ह्यात अशी बातमी रोज असायची. पुढच्या वर्षी पंतप्रधान येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज निघालं. दादाच्या घरी त्यातलं काय आलं ते पुढे येईलच.

दादा गेल्यावर आठच दिवसांत गावात बोलणं सुरू झालं, की रात्री त्याच्या विहिरीवरची मोटर आपोआप चालू होते. कुणी नसताना. बारा-साडेबाराला घरघर सुरू, पाणी दांडातून हरभऱ्यात. दोन जागलकऱ्यांनी ऐकलं आणि जागल सोडून दिली.

मी त्यावर गोष्ट लिहिली. मेलेला शेतकरी रात्री येतो, मोटर चालू करतो, पाणी देतो, आणि वाटेने जाणाऱ्याला थांबवून विचारतो, व्याज किती झालं? नाव बदललं होतं, गाव बदललं होतं. विहीर तीच होती, विहिरीवरची बाभूळही तीच. २००६ च्या एका दिवाळी अंकात ती छापून आली. वीस-पंचवीस पत्रं आली. एकाने लिहिलं, वाचून रात्रभर दिवा चालू ठेवला. मी ते पत्र खिशात घालून फिरायचो.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी वहिनी घरी आली. दादाची बायको. तिची पोरगी तेव्हा नववीत होती, शाळेत कुणीतरी तिला अंक दिला, आणि तिने घरी ती गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. आपल्या काकाने लिहिली म्हणून.

मला वाटलं वहिनी भांडेल. तयारीत होतो. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, थे तुमाले दिसले का?"

मी काही बोललो नाही.

"मी तं रोज जातो वावरात. मले एक डाव नाई दिसले. तुमाले दिसले तं काई बोलले का? कर्जाचा कागद कुठं ठेवला म्हने?"

ती हे रागाने बोलत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. खरोखर विचारत होती. सरकारी मदतीसाठी तिचं प्रकरण अपात्र ठरलं होतं. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज खाजगी, आणि त्या कर्जाचा कागद सापडत नव्हता. पात्र ठरलं असतं तर एक लाख मिळाले असते. दहा महिने ती घरातल्या कोठ्या, पेट्या, फोटोच्या मागची जागा उलथी-पालथी करत होती. आणि मी लिहून ठेवलं होतं की तो माणूस रात्री येतो आणि व्याजाबद्दल बोलतो.

"वहिनी, ते मनातलं आहे," मी म्हटलं. "खरं नाही."

"असं," ती म्हणाली. जरा वेळ उभी राहिली. "मंग मोटर?"

इथे मला थांबून कबूल करावं लागतं. मोटरचं मला माहीत होतं. गोष्ट लिहायच्या आधीपासून माहीत होतं. दादाच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला होता. कृषिपंपाची थ्री फेज लाईन आमच्याकडे आठवड्याआड रात्रीची असते, आणि रात्री साप-विंचवात जाऊन बटण दाबायला नको म्हणून लोक ऑटो लावतात. लाईन आली की मोटर आपली आपण सुरू. मी स्वतः त्याच्या विहिरीवर जाऊन खटका पाहिला होता. ऑटोवरच होता. म्हणजे त्या दुपारी दादाने आधी खटका ऑटोवर टाकला, दांड फोडून पाणी हरभऱ्याकडे वळवलं, आणि मग गेला. रात्री लाईन आल्यावर हरभऱ्याला पाणी मिळावं म्हणून.

हे मी गोष्टीत घेतलं नाही. घेतलं तर भूत मरत होतं.

वहिनीला मी ते त्या दिवशी सांगितलं. ती "हो, ऑटोच असंल" म्हणाली आणि गेली. त्यानंतर मी भयकथा लिहिली नाही. व्रत वगैरे घेतलं नाही, लिहायला बसलं की ती चौकटीला टेकलेली दिसायची एवढंच.

तशीही पुढे आमच्या तालुक्यांत भुताची गरज राहिली नाही. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं विषबाधेने गेली. त्याच सुमारास राळेगाव-पांढरकवडा भागात ती वाघीण. वनखात्याची टी-वन, पेपरवाल्यांची अवनी. दोन वर्षांत तेरा माणसं मारल्याचा तिच्यावर वहीम होता. हत्ती आणले, कॅमेरे लावले, परदेशी अत्तर शिंपडून तिला ओढायचा प्रयत्न झाला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली. 'तुंबाड' त्याच्या तीन आठवडे आधी टॉकीजला लागला होता. आमच्याकडून कोण बघायला जाणार? अंधार पडायच्या आत गाव दाराआड. त्या दोन वर्षांत जागल बंद पडली, आणि रोह्यांनी मनसोक्त खाल्लं. वहिनी तेवढी जायची. संध्याकाळी पाचला मचाणावर चढायची ते सूर्य उगवल्यावर उतरायची. तिला विचारलं तर म्हणे, "वाघ एक डाव खाईन. रोही दरसाल खाते."

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला आधी बोलावलेल्या लेखिकेचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, त्यावर रान उठलं, आणि शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. आमच्याच जिल्ह्यातली, नवरा असाच गेलेली. मी मंडपात मागे बसलो होतो. त्या बोलायला उभ्या राहिल्या तसा मी उठून बाहेर चहाच्या टपरीवर आलो. का आलो ते घरी कुणाला सांगितलं नाही.

तर पोरं आली. तिघंही गुणी. कोठा झाडून घेतला, मच्छरदाण्या बांधल्या, लॅपटॉप मांडले. जेवणाचं मी वहिनीला विचारलं. दोन वेळचं करीन म्हणाली, पैसे तिने सांगितले ते पोरांनी दिले. तिचा पोरगा आता बुटीबोरीला कंपनीत आहे, पोरगी सासरी. तीन एकर ती एकटीच बघते.

दुसऱ्या रात्री पाऊण वाजता भाच्याचा फोन. आवाज कापत होता. "मामा, इथे बाजूच्या विहिरीवर कुणी नाहीये आणि मोटर सुरू झाली."

मी टॉर्च घेऊन निघालो. थंडी कडाक्याची. पोचलो तेव्हा तिघं कोठ्याच्या दारात एकमेकांना चिकटून. आणि पलीकडे दुसरा उजेड हलत होता. वहिनी. पदर कमरेला, पायात काही नाही, हातात फावडं, एका सरीतलं पाणी दुसरीत वळवत होती.

"लाईन आली ना साडेबाराले," ती म्हणाली. "पोट्टे भेले वाट्टे."

"काकू, मोटर आपोआप कशी?" एकाने विचारलं.

"ऑटोवर हाये. पोट्टीच्या बापानं बसोला होता." मग माझ्याकडे न बघता, "याच्यावर तुमच्या मामानं गोष्ट लिहिली होती."

झालं. पोरं मागेच लागली. मी म्हटलं माझ्याकडे प्रत नाही. खरंच नव्हती, मी जाळली होती.

"माझ्यापाशी हाये," वहिनी म्हणाली.

सकाळी ती भाकरी-वांग्याच्या भाजीसोबत प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत सातबारा, रेशनकार्ड, त्या अपात्र प्रकरणाचे कागद, आणि सगळ्यांच्या खाली तो दिवाळी अंक. मुखपृष्ठ गेलेलं. पोरांनी आळीपाळीने वाचली. भाच्याला आवडली. व्याज विचारतो ती जागा फार जबरदस्त आहे म्हणाला.

मग मी त्यांना ऑटोचं सांगितलं. खटका, फोडलेला दांड, हरभरा. वहिनी समोरच होती, तवा पुसत. ती मान वर न करता ऐकत होती. दांडाचं मी तिला त्या दिवशी सांगितलं नव्हतं. फक्त ऑटो सांगितला होता.

तिघं गप्प. मग भाच्याने विचारलं, "मामा, मग हे का नाही लिहिलं?"

"तुमी पायला होता दांड?" वहिनीने मला विचारलं.

"हो."

"त्यायनंच फोडला होता?"

"हो वहिनी. ताजी माती होती."

तिने तवा बाजूला ठेवला. अंक घेतला, कागदांच्या खाली नीट सरकवला, पिशवीला गाठ मारली. "त्या साली हरभरा चांगला झाला होता," ती म्हणाली. "सात पोते." मग ताटं गोळा केली आणि पोरांना म्हणाली, "आज रात्री लाईन दोन वाजता हाये. मोटर सुरू झाली तं भेऊ नका. मी तिथंच असतो."