सतरा जणांची सहल

आपल्या समाजात घरदार घेऊन प्रवासाला निघणे म्हणजे ६ डिसेंबरला चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूर आणि १ जानेवारीला भीमा कोरेगाव. हा प्रवास आम्हांला पाठ आहे. फडक्यात भाकरी-चटणी, हातात पाण्याचा कॅन, खांद्यावर पोर आणि पुढे संपता न संपणारी रांग. परंतु नुसत्या मौजेसाठी पदरचे पैसे मोडून कुठे जायचे म्हटले की आपला हात आखडतो. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले तेव्हा आम्ही शाळकरी होतो. त्याची जाहिरात टीव्हीवर लागली की चाळीतली सगळी पोरे एका सुरात गायची. आत जाऊन आलेला मात्र आमच्यात एकही नव्हता. ते २०२२ साली बंदही पडले.

म्हणून २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार चुलींची सतरा माणसे खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन आलो. कसे जमवले असे विहारात बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

पहिली हरकत घरातूनच आली. दादा म्हणाले, "एवढ्या पैशांत पोरांच्या क्लासची फी भरली जाईल." हरकत चुकीची नव्हती. त्यावर आम्ही असे ठरवले की फीचे पैसे आणि धम्मकार्याचा विसावा हिस्सा, जो द्यायला बाबासाहेबांनी सांगितले, ते दोन्ही आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यातून सहलीचा डबा भरायचा. मार्च ते ऑक्टोबर असे आठ महिने. ज्या सहलीसाठी कर्ज काढावे लागते ती सहल करू नये, या मताचे आम्ही आहोत.

खरा पेच वाटणीचा होता. माणशी सारखी वर्गणी लावणे हिशेबाला सोपे. पण आमची धाकटी बहीण इस्पितळात आया आहे, तिचे यजमान वारले, पदरी दोन मुले. माणशी वाटणी लावली असती तर तिने काहीतरी कारण काढून घरी बसणे पसंत केले असते. फुकट नेतो म्हटले असते तरी ती आली नसती. ती आमच्याच आईची मुलगी! तेव्हा मिळकतीप्रमाणे वाटणी केली. दादा आणि आम्ही महिना दोन-दोन हजार, रिक्षा चालवणारा धाकटा भाऊ हजार, बहीण पाचशे. आठ महिन्यांचे चव्वेचाळीस हजार झाले. वही बहिणीच्या मुलीकडे दिली आणि वहीत महिन्याची फक्त एकूण बेरीज लिहायची असे ठरवले. जयंतीच्या वर्गणीत आम्ही देणगीदारांची नावे माईकवरून वाचतो, घरात ते चालत नाही.

दिवस निवडताना सुट्टीचा शेवटचा आठवडा आणि त्यातलाही मधला वार धरला. शनिवार-रविवारी आणि नाताळात अशा ठिकाणी पैसे देऊन रांगेत उभे राहण्याचेच काम होते. मे महिन्यात जाऊ नये. खोपोलीचे ऊन म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना सोसत नाही. सतरा माणसांना एकच टेम्पो ट्रॅव्हलर परवडते. कमी माणसे असतील तर खोपोलीपर्यंत लोकल जाते.

दारातल्या चौकटीला टेप लावून मुलांची उंची मोजावी. पाळण्यांवर वय विचारत नाहीत, उंची पाहतात. भावाचा नऊ वर्षांचा मुलगा मोठ्या पाळण्याला दोन बोटे कमी पडत होता. ते त्याला आठ दिवस आधी सांगितले. रडायचे ते तो घरी रडून मोकळा झाला, तिथे रांगेच्या टोकाला पोचून परत फिरण्याचा अपमान वाचला.

बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. म्हणून सकाळी गाडीतच पोटभर पिठले-भाकरी झाली, दुपारी एक जेवण आत, आणि संध्याकाळी पुन्हा गाडीतले धपाटे. आतल्या जेवणाची रक्कम आदल्या दिवशीच वेगळ्या पाकिटात घातली होती. नाहीतर आईस्क्रीमवालाच डबा रिकामा करतो. औषधे, जादा कपडे आणि प्रत्येक मुलाच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी हवीच. साडी आणि मोकळी ओढणी पाळण्यांवर अडचणीची. आमच्या वहिनींनी त्या निमित्ताने पन्नाशीत पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला. आता बाजारालाही तोच घालून जातात.

आत गेल्यावर सतरा जणांनी एकत्र हिंडू नये. आम्ही तीन टोळ्या केल्या. पहिली नायट्रो नावाच्या त्या उलटेपालटे करणाऱ्या रुळावर बसणाऱ्यांची, दुसरी मधल्यांची, तिसरी बसून पाहणाऱ्यांची. पाकिटे, चष्मे आणि फोन तिसऱ्या टोळीकडे. दुपारी एक आणि चार वाजता ठरलेल्या जागी सर्वांनी हजर राहायचे. मोठ्या पाळण्यांवर सकाळी दार उघडताच जावे, जेवून मुळीच जाऊ नये. राजासॉरसच्या होडीत मुले भिजली आणि बाहेर येऊन भांडू लागली की असा प्राणी होता की नव्हता. राजासॉरस हा खराच डायनोसॉर. नर्मदेच्या खोऱ्यात त्याचे अवशेष सापडले आणि २००३ साली त्याला हे नाव मिळाले. भाचीने हे सांगितल्यावर भांडण मिटले.

आईचे तिकीट काढावे की नाही यावर चर्चा झाली होती. ती म्हणे, "मी गाडीत बसते, माझ्यापायी पैसे कशाला?" ज्या बाईने उभा जन्म दुसऱ्यांची मुले खेळवून आमची शाळा चालवली तिला गाडीत बसवून आम्ही आत जाणार नव्हतो. ती आत आली, सावलीचा बाक धरून बसली, आणि नायट्रोवरून येणारा आरडाओरडा ऐकून म्हणाली, "पैसे देऊन किंचाळतात व्हय रे?" संध्याकाळी मात्र परतायची घाई तिला सोडून सर्वांना होती.

रात्री लोणावळ्यात साध्या लॉजमध्ये उतरलो. एवढे घाटावर आलो तर कार्ल्याला न जाता परतणे शक्यच नव्हते. सकाळी लवकर चढावे. एकवीरेच्या दर्शनाची गर्दी पुढे वाढते. आई दर वीस पायऱ्यांना बसत वर आली. चैत्यगृहात सगळ्यांनी हळू आवाजात त्रिशरण-पंचशील घेतले. छताच्या लाकडी फासळ्या जवळपास दोन हजार वर्षांच्या, अजून जागच्या जागी आहेत.

इथले शिलालेख मुलांना जरूर दाखवावेत. वैजयंतीच्या भूतपाल शेठीने आपले हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरून ठेवले आहे, तसेच धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचेही नाव दाराशी कोरलेले आहे. खांबाखांबावर दान देणाऱ्यांची नावे, त्यांत यवनही आहेत. वही सांभाळणारी भाची बराच वेळ खांब पाहत उभी होती. मग तिने विचारले, "मामा, ह्यांनी किती किती दिले ते नाही लिहिलं?" बहीण शेजारीच होती. ती हसली आणि आईचा हात धरून उतरायला लागली.

परत येऊन हिशेब केला तेव्हा डब्यात तेराशे पन्नास रुपये उरले. ते वाटून घ्यायचे नाहीत असे ठरले. आई वेरूळ म्हणते, मुले पाण्याचे पार्क म्हणतात. डबा पुन्हा मार्चपासून सुरू केला, वही भाचीकडेच आहे.