ऑईल आम्ही घरीच बदलतो

महिन्याचे बजेट आखताना मोटारसायकलचे ऑईल हे कलम आपल्या बहुतेक घरांत शेवटी येते आणि पैसे कमी पडले की तेच आधी कापले जाते. आमच्या वस्तीतील एका बांधवाने ते सबंध वर्ष कापले. रात्रपाळीला जाताना इंजिन जाम झाले. बोअरच्या कामाला साडेचार हजार गेले, आठ दिवसांच्या हजेऱ्या बुडाल्या त्या वेगळ्या. आणि ऑईलचा डबा येतो चार-पाचशेला!

तेव्हापासून आम्ही वस्तीतल्या पोरांना घेऊन हे काम घरीच करतो. इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करावे. कोमट ऑईल लवकर आणि गाळासकट उतरते. सायलेन्सर मात्र तापलेला असतो, तेवढे भान हवे. गाडी मेन स्टँडवर, खाली जुने घमेले, मग इंजिनच्या बुडाचा नट सोडायचा. आमच्या १०० सीसीच्या गाडीला १७ नंबरचा पाना लागतो.

खरी कसोटी नट परत बसवताना. इंजिनचे खोके ॲल्युमिनियमचे, नट पोलादी. वाकडा धरून पान्याने रेटला की आटे गेलेच. म्हणून पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवावेत, वायसर चेपलेला असेल तर नवा घालावा आणि शेवटी उगाच ताकद दाखवू नये. आमची धाकटी मुलगी हे आमच्यापेक्षा चांगले करते. भाऊ म्हणाला, "तुझे हात काळे होतील." ती म्हणाली, "आजोबांचेपण व्हायचे." आमचे वडील रेल्वे वर्कशॉपात खलाशी होते.

ऑईल मोटारसायकलचेच घ्यावे. बहुतेक गाड्यांचा क्लच त्याच ऑईलात बुडालेला असतो. कारचे ऑईल घातले तर तो घसरू शकतो. किती घालायचे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. भरून झाल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, बंद करून थोडे थांबावे आणि पट्टी पुसून पाहावी. पातळी दोन रेघांच्या मध्ये हवी.

राहते ते काळे ऑईल. ते गटारात ओतणारे शिकलेले लोक आम्ही पाहिले आहेत. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास बंदी केली, तरी माणसे उतरवली जातात, मरतात. ती कोणाच्या घरची असतात हे आपल्या वाचकांना सांगायला नको. २०१६ च्या नियमांत वापरलेले ऑईल घातक कचऱ्यात धरले आहे. आम्ही ते रिकाम्या डब्यात भरून, परवानाधारकाला जुने ऑईल देणाऱ्या एका गॅरेजवाल्याकडे पोहोचवतो. सध्या जिन्याखाली तीन डबे साठले आहेत. येत्या रविवारी न्यायचे आहेत.