टोचलेला उजेड

मॅसॅच्युसेट्सला मुलीकडे गेले होते, तिथून परतताना साडीच्या घड्यांत गुंडाळून एक पत्र्याचा कंदील आणला. दीड वीत उंच, गोल अंगाचा. वर शंकूसारखं टोपण, टोपणावर धरायला कडी, एका बाजूला बिजागरीचं दार. आत एकच मेणबत्ती बसेल एवढी बैठक. काच कुठेच नाही. सगळा उजेड बाहेर यायचा तो अंगभर टोचलेल्या भोकांतून. मधोमध सहा पाकळ्यांचं फूल आणि त्याच्याभोवती एकात एक अर्धवर्तुळं. बोट फिरवलं की जायफळाच्या किसणीसारखं खरखरतं.

तो तयार होताना पाहिला ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेजमध्ये. १९४६ साली खुलं झालेलं हे संग्रहालय म्हणजे न्यू इंग्लंडमधलं दोनशे वर्षांपूर्वीचं एक अख्खं खेडं आहे. त्यात पत्रेकाराचं दुकानही आहे. पत्रा सपाट असतानाच कर्कटकानं नक्षी आखायची. मग तो लाकडी ठोकळ्यावर ठेवून टोचा धरायचा आणि हातोडीचा एकच ठोका द्यायचा. ठोका जरा जोरात बसला तर भोक फाटतं, हळू बसला तर उजेड अडतो. शेकडो भोकं झाली की मग पत्रा गोल वळवायचा. शेगडीतल्या निखाऱ्यात तांब्याच्या जाड टोकाची कांब तापत होती. तिनं कथील-शिशाचा डाख सांध्यावर धावताना पाहिला, राळेचा धूर नाकात गेला आणि मी एकदम आमच्या वाड्याच्या दारात, कल्हईवाल्याच्या भात्यासमोर जाऊन उभी राहिले.

नातं खरंच आहे. हा पत्रा म्हणजे कथलाचा पातळ मुलामा दिलेलं लोखंड. पातेल्यातली आंबट आमटी कळकू नये म्हणून आपण पितळेला जे कथील फासतो, तेच इथे लोखंडाला गंजापासून राखतं. ‘सोन्याचं कथील झालं’ म्हणत आपण या धातूला फार हिणवलं आहे. ज्या घरांत चांदी कधी येणार नव्हती तिथे चकाकी आली ती याच्यामुळे. भिंतीवर लावायच्या मेणबत्तीच्या बैठकीमागे ही माणसं चुण्या पाडलेला चकचकीत पत्रा बसवत, म्हणजे एका ज्योतीचा उजेड भिंतीत न मुरता खोलीत परत यायचा. चरबीच्या मेणबत्त्या घरी ओतायच्या, त्यांची काजळी धरलेली वात पुन्हापुन्हा कापायची, अशा घरात उजेडाचा कणही वाया घालवणं परवडत नसे.

अमेरिकेत हा धंदा रुजवला तो आयर्लंडहून आलेल्या पॅटिसन भावंडांनी, १७४०च्या सुमारास, कनेटिकटमधल्या बर्लिन गावी. पत्रा मात्र समुद्रापलीकडून, मुख्यतः वेल्समधून यायचा, आणि १८९०नंतर आयातीवर जबर जकात बसेपर्यंत तो तिथूनच येत राहिला. तयार माल घेऊन फेरीवाले गावोगाव हिंडत. रोकड नसेल तर जुन्या चिंध्या घेत, त्या कागदाच्या गिरण्यांना जात. हे ऐकलं आणि मला डोक्यावर पाटी घेतलेली बोहारीण दिसली. जुनेराच्या बदल्यात भांडं, तोच व्यवहार.

या घडणीच्या कंदिलाला तिकडे ‘पॉल रिव्हिअरचा कंदील’ म्हणतात. १८ एप्रिल १७७५च्या रात्री या रिव्हिअरनं ठरवून दिल्याप्रमाणे बोस्टनच्या ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यातून दोन कंदील दाखवून, इंग्रज सैन्य पाण्याच्या वाटेनं निघाल्याची खूण पलीकडच्या काठाला दिली गेली. पण ते कंदील असे नव्हते, असू शकतच नाहीत. त्यातला मानला जाणारा एक कॉन्कॉर्डच्या संग्रहालयात आहे, त्याला काचा आहेत. माझ्या कंदिलाचा उजेड नदी सोडाच, अंगणही ओलांडत नाही.

त्याचं काम वेगळं होतं. तो गोठ्यातला दिवा. खाली जनावरं, वर सुकं गवत, आणि हिवाळ्यात अंधार लवकर पडणारा. ज्योतीला हवा लागते, पण वारा सोसत नाही. हवा आत यावी, वारा येऊ नये, ठिणगी बाहेर जाऊ नये, म्हणून ही भोकं. आमच्या कोकणातल्या घरी आजीसुद्धा रॉकेलची चिमणी अर्ध्या कापलेल्या तेलाच्या डब्यात ठेवूनच गोठ्यात न्यायची. माळ्यावर पेंढा असायचा. उघडा दिवा गोठ्याचा उंबरा ओलांडणार नाही, हा तिचा नियम घरातल्या पुरुषांनीही कधी मोडला नाही. हवेपुरती भोकं कशीही पाडून चाललं असतं. गाईच्या धारा काढायला नेण्याच्या दिव्यावर कुणीतरी सहा पाकळ्यांचं फूल काढलं, हे मला फार मोठं वाटतं. आता असे कंदील विजेचा दिवा बसवूनही मिळतात. मला ते बघवत नाहीत. ज्योत हलली नाही तर भोकांना काय अर्थ?

परवा गावी गेले तेव्हा तो आमच्या पत्रेवाल्या काकांना दाखवला. ते धान्याच्या कोठ्या, पेट्या, पन्हळी करतात. त्यांनी नक्षी पाहिलीच नाही, आधी सांध्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “ताई, भोकं आतनं मारलीत. हाताला लागतात.” जरा थांबून स्वतःच म्हणाले, “नाही, बरोबर आहे. कड बाहेर उभी राहते ना, वरनं ओघळणारं पाणी भोकात शिरत नाही, बाजूनं जातं.” ज्या कारागिराचं नावही उरलं नाही त्याचा विचार त्यांनी अंगठ्यानं वाचला.

मी काही न सांगताच त्यांनी पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा काढला. दोऱ्याला खिळा बांधून वर्तुळ आखलं. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला बोलावणं आलं. दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं होतं. त्यांनी मेणबत्ती लावली, दार मिटलं आणि कडीत फडकं घालून कंदील उचलला. कोठ्यांवर, ऐरणीवर, त्यांच्या बंडीवर उजेडाचे दाणे सांडले. ते कंदील हळूहळू फिरवत राहिले, दाणे भिंतीवरून सरकत राहिले. मग एका जागी त्यांचा हात थांबला. “इथलं एक बुजलंय,” म्हणाले, आणि मेणबत्ती विझवून टोचा शोधायला लागले.