नादखुळ्यांचा सीझन

डर्बीला गॉगल लावून जाणारी पब्लिक वेगळी आणि पहाटे चारला बैल टेम्पोत चढवणारी पब्लिक वेगळी. घोड्यांचं रेसकोर्स कधीच हरवलेल्या कोल्हापुरात शर्यतीचा नाद मात्र अजून सुसाट आहे. वीकएण्डला तिकडे वाट वाकडी केलीत, तर एक प्रश्न सोबत घेऊन परत याल!

मुंबईकराला महालक्ष्मी म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, देऊळ आणि रेसकोर्स. कोल्हापुरातही दोन्ही आहेत. देऊळ आहेच, त्याबद्दल मी पामराने काय सांगावं? आणि रेसकोर्स? तेही आहे, पण फक्त नावात. संभाजीनगरकडे जाताना रिक्षावाल्याला 'रेसकोर्स नाका' म्हणा, तो बरोब्बर आणून सोडेल. उतरून इकडेतिकडे बघाल तर दुकानं, टपऱ्या, बाइक्सची झुंबड. घोडा सोडून सगळं काही! संस्थान गेलं, शर्यतीचं मैदान गेलं, नाक्याचं नाव तेवढं उरलं.

मुंबईत १८८३ सालचा ट्रॅक अजून आहे. फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी तिथे इंडियन डर्बी असते. १९४३ साली बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्युटिफुल' नावाच्या घोडीने पहिली डर्बी मारली, तेव्हापासून हा सिलसिला चालू आहे. हॅट्स, हाय हील्स, पेपरात फोटो, सगळं कसं झकास. पण घोडा आपला नसतो हो! आपण दहा मिनिटांपूर्वी त्याचं नाव पुस्तिकेत वाचलेलं असतं आणि रेस संपली की विसरलेलं असतं.

कोल्हापुरात उलटं. तिथे बैलाचं नाव, त्याच्या आईचं गाव, त्याचे दात किती, खुराक काय आणि मागच्या यात्रेत तो कुणाच्या गाडीमागे राहिला, हे शाळेतलं पोरगंही सांगतं. याला म्हणतात नाद!

नाद करायचा न्हाय

पुण्यात माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये एक कोल्हापूरकर बसतो. सोमवार ते शुक्रवार कोडिंग करणारा, मीटिंगमध्ये शब्दही न बोलणारा गुणी मुलगा. पण जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बैलांच्या शर्यतीचा व्हिडिओ लागला, की हा टेबलावर बुक्के मारत उभा राहतो. "भावा, सुट्टी बघ की! काय फुटलाय बैल!" सुट्टी म्हणजे रजा नव्हे, गाड्या सुटण्याचा क्षण. हे मला त्यानेच शिकवलं. शेवटी तोच म्हणाला, "व्हिडिओत काय बघतोस? चल गावाकडं."

जाण्याआधी थोडं जनरल नॉलेज घ्याच. 'बैलांची शर्यत' हा एक खेळ नाही, मुलुख बदलला की खेळ बदलतो. जुन्नर, आंबेगाव, खेडकडे बैलगाडा घाटात पळतो. बैलांच्या पुढे घोडीवर स्वार असतो आणि निकाल घड्याळावर, सेकंदांत लागतो. साताऱ्याकडे हलके छकडे शेजारी-शेजारी आखलेल्या चाकोऱ्यांतून सुटतात. तिथे गट, सेमीफायनल, फायनल अशी थेट वर्ल्डकपसारखी भानगड! कोल्हापूर-सांगलीकडे 'जनरल' गाड्यांचा रुबाब मोठा. शिवाय घोडागाड्या आहेत आणि एका बाजूला घोडा, दुसऱ्या बाजूला बैल जुंपलेली 'घोडा-बैल' नावाची अजब जोडीसुद्धा. म्हणजे रेसकोर्सवरचा घोडा इथे पुरता गेलेला नाही, त्याने फक्त पार्टनर बदलला!

वयाचे गट दातांवर ठरतात. पक्का दात न आलेला तो आदत, दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा. बर्थ सर्टिफिकेट तोंडातच, खोटं बोलायची सोय नाही. बैल बहुतेक खिलार. पांढरा, उंच, लांब शिंगांचा, अंगाने सडसडीत. माणदेशातल्या कोरड्या माळांवर वाढलेली ही जात. ओझ्याच्या गाडीला जुंपलात तर कुरकुरेल, मोकळा रस्ता दाखवलात तर वारा होईल.

सात वर्षांची शांतता

या नादाला मोठा ब्रेक लागला तो ७ मे २०१४ रोजी. तमिळनाडूतलं जल्लीकट्टू आणि आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती सुप्रीम कोर्टाने एकाच निकालात बंद केल्या. बैल शरीराने पळण्यासाठी बनलेला नाही, माणसाच्या करमणुकीसाठी त्याला भीती आणि वेदना देता येणार नाहीत, असं कोर्टाचं म्हणणं होतं. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण हायकोर्टाने शर्यती पुन्हा अडवल्या. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे कायदे वैध ठरवले.

अटी अशा : जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, बैलांची डॉक्टरी तपासणी हवी, अंतर एक हजार मीटरपेक्षा जास्त नको आणि काठी, चाबूक, टोचणी असलं काहीही हातात नको. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

आपण हे सगळं पेपरात चार ओळींत वाचलं आणि पान उलटलं. पण ज्याच्या गोठ्यात शर्यतीचा बैल होता त्याचं काय? शेतात ट्रॅक्टर आला, उसाच्या वाहतुकीला ट्रक आले. खिलार पाळायला शेतकऱ्याकडे एकच कारण उरलं होतं, ते म्हणजे शर्यत. तेच गेल्यावर दूध, शेंगपेंड, सरकीवर पोसलेला बैल दावणीला बांधून कोण ठेवणार?

"इकला," दोस्ताचे चुलते म्हणाले. आम्ही त्यांच्या सोप्यात बसलो होतो. "पोरीच्या लग्नाला सोनं मोडलं तवा काय वाटलं न्हाई. बैल गेला त्या दिशी दोन वक्त जेवलो न्हाई. बाजारात जाताना गाडीत चढंना. त्येला वाटलं, शर्यतीला न्हेत्यात. मग चढला." एवढं बोलून ते उठले आणि "पाव्हणं, च्या घ्या की" म्हणत आत गेले.

सुट्टी!

शर्यत करवीर तालुक्यातल्या एका गावच्या म्हाईला होती. म्हाई म्हणजे गावची जत्रा आणि घराघरात मटणाचा बेत. आम्ही सकाळी आठला पोहोचलो तर माळावर निम्मा जिल्हा आलेला. पिकअप गाड्यांमधून बैल उतरत होते. कुणाच्या अंगावर मखमली झूल, कुणाच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा. पोरं बैलासोबत सेल्फी काढत होती. स्टार बैलांचे इथे खरोखर फॅन क्लब असतात. बकासुर नावाच्या बैलाचे व्हिडिओ बघणाऱ्यांची गर्दी एखाद्या हिरोला लाजवेल. बक्षिसंही आता सॉलिड! २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीत डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी पहिल्या नंबराला चक्क थार गाडी ठेवली होती. आमच्या म्हाईला मात्र रोख रक्कम आणि मानाचं निशाण एवढंच होतं. निशाणावर सगळ्यांचा डोळा जास्त.

लाउडस्पीकरवरचा समालोचक श्वास न घेता बोलत होता. गाड्या रेषेला लागल्या आणि अख्खा माळ एकदम गप्प झाला. पंचांनी झेंडा टाकला. पुढचं सगळं मिनिटभरात संपलं! आधी पायाखालची जमीन थरथरली, मग धुळीचा लोट आला आणि त्यातून शिंगं, माना, कासरे ताणून पुढे वाकलेले गाडीवान बाहेर पडले. बैल पळताना इतका हलका दिसतो हे मला ठाऊकच नव्हतं.

एका गाडीवानाचा हात शेवटच्या टप्प्यात बैलाच्या शेपटीकडे गेला. पंचांनी ते पाहिलं, गाडी बाद. त्याच्या माणसांनी आरडाओरडा केला, पण गर्दीतून कुणी त्यांची बाजू घेतली नाही. माझ्या शेजारचा म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "काठीनं गाढव बी पळतंय. हाकेवर पळतो त्यो बैल."

कट्ट्यावरचा हिशेब

शर्यतीइतकीच भारी असते शर्यतीनंतरची बैठक. संध्याकाळी चहाच्या टपरीवर दहा-बाराजण जमले आणि आजच्या निकालावरून गाडी सीझनवर घसरली. 'सगळ्यात भारी सीझन कुठला?' या प्रश्नावर वाद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. एकमताने उत्तर आलं, २०२२!

त्या जानेवारीत सांगली जिल्ह्यातल्या नांगोळ्याला परवानगीची शर्यत झाली आणि मग गावोगाव लाट आली. कोरोनात दोन वर्षं यात्रा बंद, शर्यती त्याच्याही आधीपासून बंद. "शाळा सुटल्यागत झालतं," एकजण म्हणाला. नवे बैल, नवे गाडीवान. बंदीत मिसरूड फुटलेल्या पोरांनी शर्यत फक्त मोबाइलवर पाहिलेली. बापांनी त्यांना कासरा धरायला शिकवला, विहिरीत बैल पोहणीला घालायला शिकवलं. कोण जिंकेल याचा अंदाज कुणालाच नव्हता, म्हणून प्रत्येक मैदानात नवा हिरो.

पण या मंडळींना आठवत काय होतं? मला वाटलं, नंबर आणि बक्षिसं. ते तर कुणी काढलंच नाही. आठवण निघाली एका हरलेल्या बैलाची. शेजारच्या गावचा चौसा, सगळ्यांच्या पुढे होता. रेषेच्या अलीकडे दहा-बारा पावलांवर तो थांबला. नुसता उभा राहिला! मागून दोन गाड्या निघून गेल्या. गाडीवान खाली उतरला. लोकांना वाटलं, आता हा बैलाला बडवणार. त्याने खुरं तपासली, पुढच्या पायात रुतलेला खडा काढला, मानेवर थाप मारली आणि बैलाला चालवत रेषेपार नेलं. "निशाण दुसऱ्यानं न्हेलं," टपरीवाला म्हणाला, "पण गुलाल आमी ह्येच्यावर टाकला."

मी मुद्दाम काडी टाकली. "पण बैलाला विचारतं कोण, त्याला पळायचंय का?"

क्षणभर कुणी बोललं नाही. मग गावातल्याच एका मुलीने उत्तर दिलं. ती पशुवैद्यकीय कॉलेजात शिकते आणि दिवसभर तपासणीच्या मांडवात मदत करत होती. "कुणीच विचारत न्हाई. म्हणून तर नियम पाहिजेत. आज मी तीन बैल परत पाठवा म्हटलं, दोन पाठवले. तिसऱ्याच्या मालकानं ओळख काढली." ती थांबली. "बंदी आली तेव्हा मी खूश होते. मग आमच्या गल्लीतले खिलार एकेक करून बाजारात गेले. तेव्हापासून मला सरळ उत्तर येत न्हाई."

मलाही येत नाही. एवढं मात्र दिसलं, की हाकेवर पळणाऱ्या बैलाचं कौतुक करणारी माणसं आणि ओळख काढणारा मालक एकाच माळावर उभे असतात. काठी हातातून गेली ती कोर्टामुळे. ती परत हातात येऊ नये, हे मात्र कोर्टापेक्षा त्या टपरीवरच ठरणार आहे. गुलाल कुणावर टाकायचा, हे तिथलीच माणसं ठरवतात ना!

आणि म्हशी!

हाकेची ही परीक्षा शहरातच बघायची असेल तर दिवाळीत कोल्हापूरला या. पाडव्याच्या सुमाराला पंचगंगा घाट, शनिवार पेठ, कसबा बावडा इथे गवळी मंडळी म्हशी सजवून आणतात. शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, काळं कुळकुळीत चमकणारं अंग. मग मालक बाइकला किक मारतो आणि त्याची म्हैस बाइकमागे सुसाट धावते! दोरी नाही, काठी नाही. शेकडो माणसं ओरडताहेत, दहा बाइक्स गुरगुरताहेत आणि ही आपल्याच मालकाच्या मागे. सायलेन्सर काढून आवाज करण्याचा अतिरेक नसता तर सोहळा आणखी देखणा झाला असता, हे माझं मत. पण गर्दीतून आपला माणूस शोधत धावणारी म्हैस बघताना आमचा कोडिंगवाला दोस्त मला म्हणाला, "भावा, आपल्या मॅनेजरनं हाक मारल्यावर आपण असं पळतो का रे?"

यावर काय बोलणार? नाद खुळा!

जायचं असेल तर

कसं जाल : मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस; रात्री बसा, सकाळी कोल्हापूर. पुण्याहून हायवेने साधारण २३० किलोमीटर.

कधी : गावच्या यात्रा आणि म्हाया उन्हाळ्यात जास्त. म्हशींसाठी दिवाळी. शर्यतीला परवानगी आहे ना, हे आधी विचारा. नसेल तर तिकडे फिरकू नका.

काय बघाल : राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग कुस्ती मैदान आणि न्यू पॅलेसमधलं म्युझियम.

काय खाल : सकाळी मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा आणि संध्याकाळी गंगावेशीत समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध. डाएट सोमवारपासून!